जागोची घागर कुणी उचलायची?

परदेशातल्या पंजाबी लग्नांविषयी मराठी घरांत बोलणं निघालं की सहसा दोनच सूर लागतात. एक नाक मुरडण्याचा: काय तो थाट, आठवडाभर नाच, पैसा आहे म्हणून उधळायचा! दुसरा कौतुकाचा: बघा, साता समुद्रापार जाऊनही संस्कृती जपली हो! मला दोन्ही सारखेच आळशी वाटतात. पहिल्याला नुसता खर्च दिसतो, दुसऱ्याला नुसती सजावट. त्या दिवसांत घरात प्रत्यक्ष कोण काय करतं, कुणाच्या हातात तेलाची वाटी असते, कुणाच्या डोक्यावर घागर, खर्च कुणाच्या माथी बसतो आणि शिव्या द्यायची मुभा कुणाला असते, हे पाहायला गेलं की तिसरंच काही हाती लागतं. लग्नाआधीचे हे विधी म्हणजे नात्यांची हजेरी आहे. प्रत्येकाला एक ठरलेलं माणूस लागतं आणि ते आलं नाही तर विधी अडतो. परदेशात हे विधी टिकले, मध्ये काही काळ गडप झाले, पुन्हा उगवले आणि फुगले, ते या अडण्यामुळे. उद्या ते पोकळ झालेच तर डीजेचा दोष नसेल. ठरलेल्या माणसाचं काम भाड्याने देण्याची सवय लागली, हे त्याचं कारण असेल.

प्रत्यक्ष शीख लग्न तसं अगदी आटोपशीर. सकाळी गुरुद्वारात गुरू ग्रंथ साहिबभोवती चार लावां, अरदास, कडाह प्रसाद, लंगरमध्ये जेवण. या आनंद कारजला १९०९ च्या कायद्याने मान्यता मिळाली. लुधियाना असो, लंडनचं साउथॉल असो की कॅनडातलं सरे, त्यात फारसा फरक पडत नाही. हिंदू पंजाब्यांकडे लावांच्या जागी अग्नीभोवती फेरे येतात, एवढंच. खरी गंमत आहे ती आधीच्या दिवसांत, आणि तिथे धर्माचा हात फार आखडता आहे. १९४५ साली मान्य झालेल्या शीख रहत मर्यादेने, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेने, तर मनगटाला गाना बांधणं, घडा भरणं, रुसून बसण्याचं नाटक करणं, असल्या चाली गुरमताविरुद्ध ठरवून टाकल्या आहेत. तरी बर्मिंगहॅममध्ये नवऱ्यामुलाची वहिनी नटूनथटून घडोली भरायला निघतेच. विहीर नाही म्हणून शेजारच्या घरातला नळ चालतो. ग्रंथींनी नको म्हटलेलं आणि कायद्याने न विचारलेलं हे सगळं आठ दशकं तग धरून आहे, कारण ते ज्यांच्या ताब्यात आहे त्या बायकांना कुणी परवानगी विचारायला सांगितलेलीच नाही.

आता कामांची वाटणी बघा. माइयांच्या दिवशी पिठाच्या रांगोळीवर पाट ठेवून नवरी किंवा नवरा बसतो. चौघीजणी त्याच्या डोक्यावर फुलकारी ताणून धरतात, आणि हळद, बेसन, सरसोंचं तेल कालवलेला वटणा घरातल्या बायका एकेक करून लावतात. शेवटच्या न्हाणानंतर पाटावरून उतरवून घेतो तो मामा. चूडा आणायचा मामाने, ताक नव्हे तर दुधात पाणी घातलेल्या कच्च्या लस्सीत बुडवून तो भाचीच्या हातात चढवायचा मामा-मामींनी. चूड्याला सोनेरी कलीरे बांधायचे बहिणींनी आणि मैत्रिणींनी, मग नवरीने ते अविवाहित मुलींच्या डोक्यावर झटकायचे. नवऱ्यामुलाच्या डोळ्यांत सुरमा घालायचा वहिनीने, आणि पैसे घेतल्याशिवाय बाजूला व्हायचं नाही. घोडीची वाग धरून अडवायचं बहिणींनी, तेही फुकट सोडायचं नाही. आजोळची माणसं, म्हणजे नानके, दाराशी येतात तेव्हा त्यांच्यातल्या बायकांनी काठीने सूप बडवून तोडायचं. आणि आदल्या रात्री जागो निघते, तिची दिव्यांची घागर डोक्यावर घ्यायची मामीने. आपल्याकडे मामाने नवरीला अंतरपाटापर्यंत आणायचं आणि करवलीने कऱ्हा धरून मागे उभं राहायचं, त्याच जातीची ही व्यवस्था. फरक इतकाच की पंजाब्यांकडे ही कामं मोजता मोजता बोटं संपतात.

यातली आजोळची बाजू फार महत्त्वाची. उत्तर भारतात सासर-माहेरच्या जमाखर्चात मुलीचं माहेर कायम झुकलेलं. पण तिच्या मुलांच्या लग्नात तेच माहेर नानके म्हणून ऐटीत येतं आणि दादक्यांना, म्हणजे मुलीच्या सासरच्यांना, त्यांच्याच दारात गाण्यातून यथेच्छ शिव्या देतं. या सिठणियांना कुणी रागवायचं नसतं. दादक्यांच्या बायकांनी तितक्याच तिखट बोलीत उत्तर द्यायचं. एरवी ज्या सुनेला तोंड वर करून बोलता येत नाही, तिच्या भावजया येऊन तिच्या सासूची उंची, रंग, कंजुषी आणि नवऱ्याचं पोट सगळं चव्हाट्यावर मांडतात. वीस-पंचवीस वर्षांचा हिशोब एका रात्रीत.

हे विधी माणसांवर अवलंबून असतात असं मी म्हणतो, त्याचा पडताळा इतिहासात मिळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी पुरुष कॅलिफोर्नियाच्या शेतांत मजुरीला गेले. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने आशियातून येणाऱ्यांची वाट जवळजवळ बंद केली. बायका आणता येईनात. इंपीरियल व्हॅलीत आणि इतरत्र यांतल्या अनेकांनी मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांशी लग्नं केली. मानववंशशास्त्रज्ञ कॅरन लेनर्ड यांनी नोंदींमधून पावणेचारशेच्या आसपास जोडपी शोधली, त्यांतली बहुतेक अशी होती. मामी नाही, बहीण नाही, वहिनी नाही. तिथे कसली माइयां आणि कसली जागो? पण एक गोष्ट विलक्षण आहे. मुलं झाली, ती आयांच्या कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्म्याला नेली गेली, आणि तिथे धर्मपिता म्हणून कोण उभं राहिलं, तर बापाचे शेतावरचे पंजाबी जोडीदार. रिकाम्या जागी माणूस बसवण्याची सवय गेली नव्हती. विधी दुसऱ्याच धर्माचा घेतला आणि काका-मामा त्यात बसवले.

ब्रिटनमध्येही सुरुवात पुरुषांचीच. पन्नासच्या दशकात साउथॉलजवळच्या वूल्फ रबर कारखान्यात पंजाबी कामगार भरले गेले. एका घरात दहा-दहा जण, आणि रात्रपाळीचा माणूस उठून गेला की त्याच गादीवर दिवसपाळीचा झोपायचा. त्या काळी कुणाचं लग्न झालंच तर रजिस्ट्रारकडे सही आणि संध्याकाळी दारू. हे लोक पंजाबी नव्हते काय? होतेच. गावच्या आठवणी तर ताज्या होत्या. पण आठवणीने घागर उचलली जात नाही. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने दार लोटलं जाणार हे दिसताच घाईघाईने माणसं आली, आणि पुढच्या वर्षांत बायका-मुलं आली. मग पूर्व आफ्रिकेतून, आणि १९७२ साली इदी अमीनने हाकलल्यावर युगांडातून, अख्खी कुटुंबं आली. आज्या, मावश्या, चुलत भावंडं आणि आफ्रिकेत पाऊणशे वर्षं सांभाळलेल्या चालीरीतींसकट. दोनदा देशांतर केलेल्या या शिखांवर पारमिंदर भाचू यांनी लिहिलं आहे. मुली स्वतः पगार मिळवू लागल्या तसा लग्नातला अहेर आणि देणंघेणं घटायच्या ऐवजी वाढलं, असं त्यांना दिसलं. आपल्या डोक्यात बसलेलं गणित याच्या उलट आहे: बाई शिकली, कमावती झाली की असल्या गोष्टी मागे पडणार. कारखान्यात आणि विमानतळावर पाळ्या करणाऱ्या बायकांनी हातात आलेला पैसा आधी कुठे घातला, तर आपल्या ताब्यातल्या या दिवसांत. त्याला उधळपट्टी म्हणणाऱ्याने, त्या पैशावर त्यांचा दुसरीकडे कुठे अधिकार चालत होता, हेही विचारावं. साउथॉलच्या ‘आलाप’ आणि ‘हीरा’ या भांगडा बँडांची सुरुवातीची कमाईदेखील याच लग्नघरांतून आणि त्यांच्या हॉलमधून झाली. ब्रिटिश भांगडा म्हणून जगभर गाजलेलं संगीत लग्नाच्या बिदागीवर वाढलं आहे.

ब्रॅम्प्टनमधली एक जागो मी जवळून पाहिली. कॅनडातल्या उपनगराचा रुंद, रिकामा रस्ता, एकसारखी घरं, लग्नघरावर छपरापासून गॅरेजपर्यंत सोडलेल्या दिव्यांच्या माळा. गॅरेजात हलवायाची कढई चढलेली, शकरपारे आणि मठ्ठ्यांचे ढीग, नातेवाइकांना वाटायच्या भाजीचे, म्हणजे मिठाईचे, डबे भरायला पाच-सहा बायका खाली बसलेल्या. मामी साठीच्या घरातल्या, दोन्ही गुडघे गेलेले. घागर पितळेची, कडेने दिवे. पूर्वी ते कणकेचे आणि तेलाचे असत, आता बॅटरीचे. सुनेने म्हटलं, मी घेते. मामींनी ऐकलं नाही. घागर डोक्यावर चढली आणि त्या बाई लंगडत लंगडत गिद्ध्याच्या, म्हणजे बायकांच्या नाचाच्या, ठेक्यावर दहा पावलं चालल्या, मग भाच्याच्या दारात उभं राहून त्यांनी विहीणबाईंवर अशी एक बोली फेकली की सगळ्या ओट्यावर हशा फुटला. त्यानंतर घागर सुनेकडे गेली. तिच्या मागे नवरीच्या वयाच्या मुली; त्यांच्यापैकी निम्म्या जणी फोनवर रोमन लिपीत लिहिलेल्या बोलिया वाचत होत्या आणि एका शिवीचा अर्थ मोठ्यांना विचारत होत्या. कुणीतरी खालच्या आवाजात सांगितला, मग त्या लाजल्या आणि तीच बोली दुप्पट जोराने म्हणू लागल्या. पंजाबीच्या शनिवारच्या वर्गात ही भाषा शिकवत नाहीत. शेजारी एक गोरं म्हातारं जोडपं दारात उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्यांना दोन दिवस आधीच मिठाईचा डबा आणि उशिरापर्यंत ढोल वाजेल अशी चिठ्ठी पोचलेली होती.

या सगळ्यात आणखी एक पाहुणा असतो, त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तो म्हणजे सरकार. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकात एक नियम कडकपणे लावला जात होता: परदेशी जोडीदाराला आणायचं तर लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नाही, हे तुम्ही सिद्ध करा. उपखंडातल्या नवऱ्यामुलांना त्याचा सर्वाधिक जाच झाला. १९९७ मध्ये तो नियम रद्द झाला. पण लग्न खरं की कागदावरचं, हे तपासायची वृत्ती सगळीकडे आहे. कॅनडात जोडीदाराला बोलावण्यासाठीच्या अर्जात साखरपुडा झाला का, लग्नाचे समारंभ कोणते झाले, घरची माणसं हजर होती का, असं विचारतात, आणि फोटो मागतात. साहजिकच माइयांचे, चूड्याचे, जागोचे फोटो फाइलीत जातात. ज्या विधींना रहत मर्यादेने नाकारलं ते व्हिसाच्या अधिकाऱ्यासमोर साक्षीला उभे राहतात. थोडक्यात लग्न करावं असं वाटणाऱ्या जोडप्यालाही मग मोठे म्हणतात: कर बाबा सगळं, उद्या विचारलं तर? परंपरा टिकवण्याचं श्रेय वाटायचं झालंच तर एक वाटा या अर्जांनाही द्यावा लागेल.

बदल होतात त्यांतले बरेचसे मला बिनमहत्त्वाचे वाटतात. चूडा पूर्वी हस्तिदंताचा असे. हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली, तो प्लॅस्टिकचा झाला. वर्षभर घालायचा तो सव्वा महिन्यावर आला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत २००७ पासून कोपराखाली हात उघडे ठेवायचा दंडक आहे, तिथल्या नर्स झालेल्या नवरीचा चूडा कामावर रुजू होताना उतरतो, घरी आल्यावर पुन्हा चढतो. हॉलमध्ये ज्योत पेटवली तर धुराचा भोंगा वाजतो, म्हणून बॅटरीचे दिवे. माइयांसाठी पूर्वी नवरीने घराबाहेर पडायचं नसे. आता ती दुपारपर्यंत ऑफिसात असते आणि गालिच्यावर प्लॅस्टिक अंथरून तिला संध्याकाळी हळद लावतात. सरसोंच्या तेलाची तर मजाच आहे. परदेशी दुकानांत त्या बाटलीवर ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असं छापलेलं असतं. वर्षभर ती सूचना झुगारून त्यात साग शिजतो. माइयांच्या एका दिवशी मात्र सगळं कुटुंब कायद्यात बसतं. असल्या बदलांवर हळहळणाऱ्यांना मी एवढंच विचारेन, की मामी आली होती ना?

नाही आली तर मात्र हळहळावं. अलीकडे गिद्धा घालणाऱ्या बायकांचा ताफा पैसे देऊन बोलावता येतो. सजवलेली घागर, रंगवलेलं सूप आणि ठरवून दिलेल्या बोलिया घेऊन तो येतो, तासभर रंग भरतो आणि पुढच्या हॉलकडे निघतो. नाच उत्तम असतो, घरच्यांपेक्षा चांगलाच. नानके मात्र खुर्च्यांवर बसून फोन वर धरतात. सिठणी भाड्याची असेल तर ती कुणाला लागणार? दिलेल्या टोमण्यात मागचं पुढचं काही नसतं, कारण देणारीला सासूचं नावही ठाऊक नसतं. चांगला कार्यक्रम झाला आणि हजेरी लागलीच नाही, असं ते होतं. गुडघे गेलेल्या बाईची दहा पावलं मला या तासापेक्षा मोलाची वाटतात, आणि हे मी भाबडेपणाने म्हणत नाही. त्या दहा पावलांमुळे पुढचं वर्षभर दोन घरांचं बोलणं चालू राहतं, उसने पैसे मागता येतात, पोराला नोकरीला चिकटवायला सांगता येतं. देशांतर केलेल्या समाजाचा संसार अशाच उसनवारीवर उभा असतो.

पण हे जाळं सगळ्यांना सारखं सावरून धरत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. नानक्यांनी आणायच्या नानकी शकमध्ये सोनं, कपडे, भांडी असं काय काय येतं आणि एखादा मामा त्यात कर्जबाजारी होतो. नात्याची माणसं हवीत, म्हणजे आपली हवीत, आणि आपली म्हणजे आपल्या जातीची, हे गणित परदेशातही सुटलेलं नाही. ब्रिटनमध्ये रामगढियांचे, रविदासियांचे गुरुद्वारे वेगळे आहेत आणि लग्नं जमवतानाही तीच रेघ चालते. सगळ्यांत एकटी पडते ती पंजाबातून लग्नासाठी आणलेली मुलगी. नवऱ्याचा सगळा गोतावळा सरेत आणि हिचं आजोळ जालंधरजवळ. मामा-मामींना व्हिसा मिळाला नाही. व्हिडिओवर ती त्यांचे लाडू आणि हसू पाहते, चूडा कुणीतरी दूरचा ‘मामा लागतो’ म्हणून चढवतो आणि सिठण्या एकाच बाजूने होतात. तिच्या बाजूने तिखट उत्तर देणारं कुणीच नाही. पुढे त्या घरात काही बिनसलं तर तिच्या बाजूने बोलायलाही कुणी नसतं, याची पहिली खूण त्या रात्रीच मिळालेली असते. हे पाहिलं की ‘संस्कृती जपली हो’ हा सूर मला सहन होत नाही.

उलट बाजूही आहे. गुरुद्वारात शीख आणि बिगरशीख यांचं आनंद कारज व्हावं की नाही यावरून ब्रिटनमध्ये बराच वाद झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये लेमिंग्टन स्पाच्या गुरुद्वारात असंच लग्न रोखायला आलेल्या निदर्शकांपैकी ५५ जणांना पोलिसांनी अटक केली. पण ज्या घरांचं लग्न गुरुद्वाराच्या दारात अडतं, त्याच घरांच्या माइयांत गोरा नवरा आधीच पिवळा होऊन बसलेला असतो. त्याच्या डोळ्यांत सुरमा घालायला वहिनी नाही म्हणून नवरीची चुलत वहिनी पुढे होते आणि पैसेही वाजवून घेते. त्याची आई चौघींपैकी एक होऊन फुलकारीचं टोक धरते. दाराशी कुणी जात-धर्म विचारत नाही, कारण फुलकारीला चार हात हवे आहेत आणि आत्ता तीनच आहेत. ग्रंथ असलेल्या विधीला इतकी लवचीकता परवडत नाही. ग्रंथ नसलेल्याला परवडते. कॅलिफोर्नियातल्या त्या बाप्तिस्म्यांची मला इथे आठवण होते.

आपण मराठी लोकांनी या सगळ्यातून काय उचललं? ‘हम आपके हैं कौन’ आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ आले १९९४ आणि ९५ मध्ये, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पुण्या-नाशिकच्या कार्यालयांत संगीत सुरू झालं. आपण घेतला तो मंच, नृत्यदिग्दर्शक आणि पिवळ्या कपड्यांची हळद. मामीला काम दिलं नाही, आत्याला गाण्यातून कुणी टोचलं नाही. आणि घरच्या घाणा भरण्याला, जात्यावर हळद दळताना लागणाऱ्या पाच सवाष्णींना, विहिणींच्या उखाळ्यापाखाळ्या काढणाऱ्या गाण्यांना मात्र ‘वेळ कुठाय’ म्हणून निरोप दिला. पंजाब्यांचं अनुकरण केलं असं म्हणून आपण उगीच त्यांच्यावर आळ घेतो. त्यांच्याकडची जी गोष्ट घेण्यासारखी होती तिला आपण हात लावलेला नाही.

परदेशातल्या पंजाब्यांपुढचा खरा पेच आता वेगळाच आहे. घरटी एक-दोन मुलं. पुढच्या पिढीत अशा कितीतरी मुली असतील ज्यांच्या आईला भाऊच नाही. मामा नाही, म्हणून मामी नाही. चूडा कोण आणणार, पाटावरून कोण उतरवणार, घागर कोण उचलणार? काही घरांत आईचा मावसभाऊ किंवा शाळेतला मित्र मामा म्हणून उभा करतात. काही घरांत मावशी पुढे येते. हे दुसरं मला अधिक पटतं, आणि ते सुरूही झालं आहे. म्हाताऱ्या बायका प्रथम कुरकुरतात: चूडा बाईच्या हातून? मग कच्ची लस्सी कालवायला त्याच बसतात, कारण दुधात पाणी किती घालायचं हे मावशीला माहीत नसतं. मानाबरोबर चूड्याचा, कपड्यांचा आणि सोन्याच्या अंगठीचा खर्चही मग मावशीकडेच जातो, आणि सिठण्यांमध्ये पहिलं नाव तिच्याच नवऱ्याचं येतं.